नातेवाईकाच्या रकान्यात मीच आहे

प्रति,
मुंबईतल्या सरकारी, पालिका आणि धर्मादाय रुग्णालयांचे अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक आणि किरणोपचार विभागांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. एका रात्रशाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या स्वरयंत्राच्या कर्करोगावर २८ दिवसांचा किरणोपचार झाला. त्याच दिवसांत माझी आई घरात पडली आणि तिचा खुबा मोडला. आईचं वय ८१. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलेलं नाही. धाकटी बहीण चिपळूणला असते, तिच्याकडे तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. ती आली, आठ दिवस राहिली आणि रडत परत गेली. तिला मी बोल लावत नाही.

कोणत्याही रुग्णालयाचं किंवा माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. दोन रुग्णालयांमध्ये मिळून आम्ही दोघं बरे झालो, त्याचं ऋण माझ्यावर आहे. मला बोलायचं आहे ते तुमच्या सगळ्यांच्या केसपेपरवर असलेल्या एका रकान्याबद्दल. तिथे लिहिलेलं असतं 'नातेवाईकाचे नाव'. आईच्या केसपेपरवर त्या रकान्यात माझं नाव होतं. माझ्या केसपेपरवर त्या रकान्यात आईचं. दोन्ही कागद एकाच पिशवीत होते आणि पिशवी माझ्या खांद्यावर होती.

आवाज बसला तेव्हा फेब्रुवारी होता. खडूची धूळ, रात्रीची हवा, वर्गात पंख्याच्या आवाजावर ओरडणं, असं समजून मी तीन महिने घालवले. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हे पत्र एखाद्या मास्तरांनी किंवा गायकांनी वाचलं तर एवढं ध्यानात ठेवावं. सिगारेट मी सोळा वर्षं ओढली होती आणि सोडून अकरा वर्षं झाली होती. दुर्बीण घातली, तुकडा तपासला, आजार स्वरतंतूपुरताच होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, लाईट देऊन बरं होईल. एकूण ६३ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप), २८ भागांत, सोमवार ते शुक्रवार रोज एक.

'लाईट' हा शब्द मी तिथेच शिकलो. बीड, जळगाव, नांदेडहून आलेली माणसं बाकावर शेजारी बसून विचारायची, तुमचे किती लाईट झाले? कुणी 'शेक' म्हणायचं. मला किरणोपचारापेक्षा 'लाईट' हा शब्द आवडला, कारण तो घाबरवत नाही.

माझ्या चेहऱ्याचा आणि खांद्यांचा मास्क बनवला होता. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तोंडावर ओढतात, तो गार होताना चेहऱ्याचा आकार धरतो. रोज तो तोंडावर बसवून कडेने खटके लावून टेबलाला जखडतात, म्हणजे घसा मिलीमीटरभरही हलू नये. प्रत्यक्ष किरण दोन-तीन मिनिटंच चालू असतात. बाकी वेळ नीट झोपवण्यात आणि फोटो काढून जुळवण्यात जातो. दहा-पंधरा मिनिटांत माणूस बाहेर. कपाळावर जाळीचे चौकोन उमटतात आणि तासभर राहतात. बाकावर बसलेले सगळे एकमेकांना त्या चौकोनांवरून ओळखतात.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. आवाजाला विश्रांती द्या, कुजबुजूही नका, कुजबुजण्यानेही घशाला ताण पडतो. आणि एकही दिवस चुकवू नका. दुसऱ्या गोष्टीचं कारणही त्यांनी समजावलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. उपचार मध्येच थांबले तर उरलेल्या कर्कपेशी त्या फटीत पुन्हा वाढायला लागतात. घशाच्या आणि तोंडाच्या कर्करोगात ही वाढ फार वेगाने होते, म्हणून ठरलेल्या आठवड्यांत उपचार संपणं हा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही सगळे किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत संपावेत असा दंडक आहे, हे मला शेजारच्या बाकावरच्या एका ताईंनी सांगितलं. त्यांच्या फाईलवर डॉक्टरांनी शेवटची तारीख लाल पेनाने लिहून दिली होती.

हे सगळं मला समजलं होतं. पण एक प्रश्न मला त्या दिवशी कुणी विचारला नाही. घरी तुमच्यावर कोण अवलंबून आहे?

माझा नववा लाईट बुधवारी झाला. गुरुवारी पहाटे पाचला आई मोरीत जायला उठली आणि उंबऱ्याशी पडली. आवाज ऐकून मी धावलो. ती भिंतीला टेकून बसली होती आणि उजवा पाय वेडावाकडा बाहेर वळला होता. मला ओरडून कुणाला बोलावता येत नव्हतं. मी स्टीलचं ताट घेऊन शेजारच्या दारावर बडवलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. शेजारच्या दोन मुलांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली आणलं. प्रत्येक जिन्याच्या वळणावर ती माझ्याकडे बघत होती.

कॅज्युअल्टीत एक्स-रे निघाला. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, अर्धा सांधा बदलावा लागेल. म्हाताऱ्या माणसाचं हे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं, नाहीतर पडून राहिल्याने छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्त गोठतं. हे तिथल्या हाऊसमनने, म्हणजे निवासी डॉक्टरने, मला नीट सांगितलं. मग त्याने माझ्या हातात पाच कागद दिले. रक्त तपासायला पाठवायचं आहे, ते लॅबमध्ये नेऊन द्या. हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, दुसऱ्या इमारतीत आहे, ट्रॉली ढकलायला तुम्ही आणि वॉर्डबॉय मामा. ऑपरेशनसाठी फिटनेसचा दाखला तिसऱ्या मजल्यावर. रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय करा. आणि सतत कुणीतरी पेशंटजवळ थांबा.

अकरा वाजता माझा लाईट होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मी गेलो नाही. शुक्रवारीही गेलो नाही. शनिवार-रविवार विभाग बंद. चार दिवसांची फट पडली. त्या चार दिवसांत दर तासाला माझ्या मनात तोच हिशेब चालू होता की घशात आत्ता काय वाढत असेल. आणि त्याच वेळी मी आईच्या इकोच्या रांगेत उभा होतो.

रक्त मी देऊ शकत नव्हतो. कर्करोगाचा उपचार चालू असलेल्या माणसाचं रक्त घेत नाहीत. रक्तपेढीतल्या बाईंना मी कागदावर लिहून हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या मानेकडे पाहिलं. कातडी काळवंडायला लागली होती. रात्रशाळेच्या गटावर मी एक ओळ टाकली. दीड तासात दोन माजी विद्यार्थी आले. एक जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या कंपनीची पिशवी पाठीला लावूनच आला होता. रक्त देऊन, बिस्किट खाऊन तो पुढच्या ऑर्डरला निघून गेला.

आता रात्रीबद्दल लिहितो, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

आई बायकांच्या वॉर्डात होती. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत. हा नियम बरोबर आहे, तिथल्या बायकांच्या अब्रूसाठी आहे, तो मोडावा असं मी म्हणणार नाही. पण त्याच वॉर्डात दुसरा नियम आहे की रात्री प्रत्येक पेशंटजवळ नातेवाईक हवाच. एका सिस्टरच्या अंगावर चाळीस खाटा असतात, मावशी एक किंवा दोन. दर दोन तासांनी कूस बदलायची, भांडं द्यायचं, सलाईन संपलं की सांगायचं, हे काम नातेवाईकाचं. हे काम खरं तर पगारी माणसाचं आहे आणि ती माणसं नेमलेली नाहीत. सिस्टर मला म्हणाल्या, बाईमाणूस घेऊन या. मी खुणेने सांगितलं, नाही. त्या म्हणाल्या, असं कसं, घरात एक तरी बाई असेलच ना?

आमच्या घरात एक बाई होती. ती खाट क्रमांक २३ वर होती.

पहिल्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून आईकडेही बघत राहिली. दुसऱ्या रात्रीपासून तीन रात्री माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती दिवसभर एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते, संध्याकाळी घरी दोन मुलांना जेवू घालून यायची. नंतर आजाऱ्याजवळ बसायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून बारा तासांची बाई ठेवली, रात्रीचे नऊशे रुपये. मी वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर बसायचो. वॉचमनने उठवलं तर खाली आवारात. पहाटे साडेपाचला तिथूनच स्टेशन गाठायचं. लाईट घेणाऱ्या माणसाला थकवा येतो, झोप लागते, घशाला भाताची पेज आणि मऊ खिचडीच चालते. मी त्या दिवसांत काय खाल्लं ते मला आठवत नाही. वजन पाच किलोने उतरलं.

सोमवारी सकाळी मी किरणोपचार विभागात पोहोचलो. तरुण डॉक्टर फाईल पाहून चिडले. म्हणाले, मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच असं चुकवलंत तर आतापर्यंत दिलेलं वाया जाईल. त्यांचं बोलणं शास्त्राला धरून होतं. मी खिशातून कागद काढून लिहिलं, 'आई पडली. खुबा. आज ऑपरेशन आहे, अकराला.' त्यांनी वाचलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तिकडे कोण आहे? मी लिहिलं, 'मीच.'

पुढच्या पाच मिनिटांत त्या डॉक्टरांनी आणि यंत्रावरच्या टेक्निशियन भाऊंनी जे केलं ते मी विसरणार नाही. मला रांगेत पुढे घेतलं. पावणेआठला मी टेबलावर होतो आणि साडेदहाला आईच्या वॉर्डात. तिला ट्रॉलीवर घालून नेत होते. दुसऱ्या दिवसापासून माझी वेळ सकाळची पहिली केली. बुडालेले दोन दिवस भरून काढले. एक लाईट शनिवारी दिला, त्या दिवशी असेच दिवस बुडालेल्या सात-आठ जणांसाठी यंत्र चालू ठेवलं होतं. दुसरा एकाच दिवसात दोनदा देऊन. दोन्हींच्या मध्ये निदान सहा तासांचं अंतर लागतं, म्हणजे चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. सकाळी आठला एक, दुपारी दोननंतर दुसरा. मी बाकावर बसून राहिलो.

त्याच दिवशी अकरा वाजता आईच्या वॉर्डात फिजिओच्या बाई आल्या होत्या. ऑपरेशननंतर तिसरा दिवस, वॉकर देऊन उभं करायचं होतं. धरायला नातेवाईक नव्हता म्हणून उभं केलं नाही. मी चारला पोहोचलो तेव्हा सांगितलं, आज तुम्ही नव्हतात, आता उद्या. माझी फट भरताना तिची फट पडली.

माझी वेळ बदलायला पाच मिनिटं लागली. त्यासाठी नवीन यंत्र लागलं नाही, पैसे लागले नाहीत, मंत्रालयातून आदेश लागला नाही. एका माणसाने विचारलं आणि दुसऱ्याने वही पुढे ओढून दोन नावांची अदलाबदल केली. हे पहिल्या दिवशी होऊ शकलं असतं. मी आईला सांभाळतो, तिचा तोल जातो, तिला विसरायला होतं, मला सकाळची वेळ मिळाली तर दहाच्या आत घरी पोहोचेन, हे सांगायला मी तयार होतो. विचारलं असतं तर शेजारच्यांना आधीच सांगून ठेवलं असतं, ब्युरोत नाव घातलं असतं, बहिणीला बोलावून घेतलं असतं. आई पडायची ती पडलीच असती कदाचित, पण चार दिवसांची फट पडली नसती. आणि मला जे मिळालं ते त्या दोन माणसांच्या चांगुलपणामुळे मिळालं. ते रजेवर असते तर?

जुलैत एक दिवस मुसळधार पाऊस झाला. कुर्ला-सायनच्या मध्ये रुळांवर पाणी भरलं, मध्य रेल्वे बंद. मी विक्रोळीहून दोन बस आणि बरंच अंतर पायी करून पोहोचलो, तेव्हा दुपार उलटली होती. विभागात एकही जण रागावला नाही. सगळे पेशंट उशिरा येणार हे त्यांना ठाऊक होतं. रात्री उशिरापर्यंत यंत्र चालू ठेवलं, शेवटच्या माणसाला लाईट देऊनच बंद केलं. मुंबईची रुग्णालयं हे करतात, २००५ च्या २६ जुलैपासून नव्हे, त्याच्याही आधीपासून करत आली आहेत. पाऊस पडला तर विभाग वाट पाहतो, कारण पाऊस खिडकीतून दिसतो. आई मोरीत पडली हे खिडकीतून दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं.

मी न बोलता आईशी कसं बोलायचो हेही सांगतो. तिला कमी ऐकू येतं आणि मला बोलायची बंदी. माझ्याकडे शाळेतली एक दगडी पाटी होती, लाकडी चौकटीची. ती मी वॉर्डात नेली. आई मराठी चौथी शिकलेली आहे. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचो, 'आलो'. ती बोट फिरवत मोठ्याने वाचायची, "आ-लो." मग हसायची. 'दूध पी.' "दूध पी." 'उद्या उभं राहायचं.' हे वाचून ती माझ्याकडे बघत राहायची. एकदा तिने माझ्या कपाळावरचे जाळीचे चौकोन चाचपले आणि विचारलं, "मच्छरदाणीत झोपलास का रे?" तिला माझा आजार सांगितलेला होता, पण ती विसरत होती. मी मान हलवली. हो.

त्याच वॉर्डातली मावशी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, दादा, तुम्ही लाईट घेता ना, मग म्हातारीला हात लावलेला चालतो का? तिला काळजी होती, मनात काही वाईट नव्हतं. आमच्या इमारतीतही दोघांनी हाच प्रश्न विचारला होता. बाहेरून यंत्राने दिलेले किरण यंत्र बंद झालं की संपतात, अंगात राहत नाहीत. आईला उचलता येतं, भरवता येतं, नातवंडांना मांडीवर घेता येतं. शरीरात किरणोत्सारी औषध किंवा बीजं ठेवून जे उपचार करतात त्यांचे नियम वेगळे आहेत. एवढ्या चार ओळी सोप्या मराठीत छापून प्रत्येक पेशंटच्या हातात द्या. ज्याला घरी जाऊन कुणाची सेवा करायची आहे त्याला हा कागद औषधासारखा उपयोगी पडेल.

आता मागणं.

किरणोपचाराच्या पहिल्या दिवशी, मास्क बनवण्याच्याही आधी, प्रत्येक पेशंटला दोन प्रश्न विचारले जावेत आणि उत्तरं केसपेपरवर लिहिली जावीत. घरात आणखी कुणी आजारी, म्हातारं किंवा अपंग आहे का, ज्याचं तुम्ही करता? तुम्ही इथे असताना त्याच्याजवळ कोण असतं? याच्या उलट, दुसऱ्या प्रत्येक रुग्णालयाने नातेवाईकाचं नाव लिहून घेताना विचारावं, तुम्ही स्वतः कशावर उपचार घेत आहात का? आणि 'हो' असं उत्तर आलं की त्या माणसाला ट्रॉली ढकलायला, रात्र जागायला, लॅबमध्ये धावायला लावू नये. तिथे रुग्णालयाने आपला माणूस द्यावा. तो नसेल तर नेमावा.

वेळ ठरवताना या उत्तराला मान असावा. ज्याच्या घरात डायलिसिसवरचं माणूस आहे त्याचे आठवड्यातले तीन दिवस, प्रत्येकी चार तास, आधीच ठरलेले असतात. बाकावर माझ्या शेजारी पनवेलहून येणाऱ्या एक ताई होत्या, स्तनाच्या कर्करोगासाठी १५ लाईट घेत होत्या, नवरा डायलिसिसवर. त्यांना रोज वेगळी वेळ मिळायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार नवऱ्याला मशीनवर बसवून त्या धावत यायच्या आणि त्याला काढायच्या वेळेला पोहोचता येईल का म्हणून घड्याळ बघत बसायच्या. त्यांनी वेळ मागितली नाही. मागता येते हेच त्यांना माहीत नव्हतं. यंत्र बिघडतं, तेही समजू शकतो, पण तसं झालं तर आदल्या संध्याकाळी किंवा निदान सकाळी सहाला फोनवर निरोप द्या. घरी कुणाच्या तरी भरवशावर एखाद्याला ठेवून आलेल्या माणसाला बाकावर चार तास बसल्यावर 'आज मशीन बंद' हे ऐकवू नका.

तुमच्याकडे वैद्यकीय समाजसेवक आहेत. त्यांच्या टेबलासमोर दिवसभर ट्रस्टच्या अर्जांची रांग असते. पैशांची सोय लावता लावताच त्यांचा दिवस संपतो. त्यांना दुसऱ्या रुग्णालयातल्या समाजसेवकाला फोन करण्याचा अधिकार आणि वेळ द्या. माझ्या प्रकरणात एक फोन पुरला असता. 'आमचा पेशंट तुमच्या खाट क्रमांक २३ चा नातेवाईक आहे, त्याला सकाळी दहापर्यंत इकडे लागतो, फिजिओ दुपारी ठेवा.' एवढंच.

आणि बायकांच्या वॉर्डात ज्या पेशंटला बाईमाणूस नाही, तिच्यासाठी रात्रीची मावशी रुग्णालयाकडून द्या. अविवाहित मुलगा, विधुर नवरा, एकटा भाऊ, अशी घरं या शहरात खूप आहेत. ब्युरोचे नऊशे रुपये मी अकरा रात्री दिले. माझा पगार चालू होता म्हणून देऊ शकलो.

पैशांच्या बाबतीत सरकारने कुटुंब एक धरलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संरक्षण दर कुटुंबाला मिळतं, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात आई आणि मी एकाच शिधापत्रिकेवर आहोत. म्हणजे आमच्या दोघांचा खर्च एका खात्यात मोजायचा हे राज्याला सुचलं. मग आमचे दिवस एकत्र का मोजू नयेत? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे कर्करुग्णाला एकट्याला नाही, सोबतच्या माणसासकट जागा देतात. परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं, तेव्हापासून देशभरातून माणसं या शहरात येतात ती कुणाचा तरी हात धरून येतात. तो हात धरणारा माणूसही आजारी असू शकतो, ही गोष्ट या शहराला नवीन नसावी.

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना मुभा आहे. एकदा त्या डब्यात एका गृहस्थांनी मला उठायला सांगितलं, तुम्ही तर धडधाकट दिसता. मी बोलू शकत नव्हतो. दाखला पिशवीत होता, पण पिशवीत दोन फाईली होत्या आणि घाईत हाताला आईची लागली. तिच्या मोडलेल्या खुब्याचा एक्स-रे मी त्यांच्यासमोर धरला. ते गोंधळले. मग मी दुसरी फाईल काढली. त्यांनी दोन्ही पाहिल्या आणि सरकून बसले, पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि कुर्ला येईपर्यंत धरून ठेवली. एका अनोळखी माणसाला दोन फाईली एकत्र पाहायला दोन स्टेशनं पुरली.

माझे २८ लाईट पूर्ण झाले. आवाज परत येतो आहे, थोडा खरखरीत, पण वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जातो. आई वॉकर घेऊन खाटेपासून गॅलरीपर्यंत चालते आणि तिथे खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारते. पाटी अजून तिच्या उशाशी आहे. मी बोलतो तरी तिला लिहूनच हवं असतं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंगळवारी माझ्या घशाची दुर्बीण आहे, सकाळी नऊला. त्याच मंगळवारी, त्याच वेळी, आईच्या खुब्याचा एक्स-रे आणि अस्थिरोग ओपीडी आहे. दोन्ही तारखा दोन रुग्णालयांनी आपापल्या कागदावर शिक्के मारून दिल्या आहेत. दोन्ही ठिकाणी मी तारीख बदलून मागितली. दोन्हीकडे सांगितलं, दुसरीकडची बदलून घ्या. यातली कोणती बदलायची, आणि त्यासाठी कोणाला भेटायचं, एवढं मला आपल्यापैकी कुणीतरी कळवावं.

आपला नम्र,
एक रात्रशाळा शिक्षक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई